विरजणापासून क्षयापर्यंत : जिवाणूंची साधी ओळख

रात्रीची जेवणं आटोपली की कोमट दुधात चमचाभर विरजण घालायचं, ढवळायचं आणि भांडं झाकून ओट्याच्या कोपऱ्यात सारून ठेवायचं. सकाळी दही लागलेलं असतं. डिसेंबरच्या थंडीत तेच भांडं जुन्या शालीत गुंडाळून ठेवावं लागतं, नाहीतर दही अदमुरं राहतं. आणि दूध कढत असताना घाईने विरजण घातलं तर दुसऱ्या दिवशी नुसतं दूधच हाती येतं. हे तीन अनुभव ज्या घरात आहेत, त्या घराला जिवाणूंबद्दलचं बरंच काही आधीच ठाऊक आहे.

विरजण म्हणजे जिवंत जिवाणू. ते दुधातली साखर खातात आणि तिचं लॅक्टिक आम्ल करतात. आम्ल वाढलं की दुधातली प्रथिनं एकमेकांना चिकटतात आणि दूध घट्ट होतं. थंडीत हे जीव मंदावतात, म्हणून शाल. कढत दुधात ते मरतात, म्हणून दूध कोमट. आणि कालच्या दह्यातला एक चमचा आजच्या दुधाला पुरतो, कारण त्या चमच्यातले जिवाणू रात्रभरात वाढून भांडंभर होतात.

मी बरीच वर्षं कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. पहिल्या तासाला मुलांना विचारायची, जिवाणू म्हटलं की काय आठवतं? ताप, घाण, गटार, साबणाची जाहिरात अशी उत्तरं यायची. सकाळी डब्यात दहीभात घेऊन आलेलं मूलही दह्याचं नाव काढायचं नाही. जिवाणू म्हणजे फक्त शत्रू, ही समजूत इतकी पक्की असते. त्या समजुतीपायी आपण औषधं चुकीची घेतो आणि खरी काळजी घ्यायची तिथे घेत नाही, म्हणून हा लेख लिहावासा वाटला.

एक पेशी, एवढंच शरीर

जिवाणू एका पेशीचा असतो. खाणं, वाढणं, दोन होणं, सगळं त्या एकाच पेशीत. आपल्या पेशीत जनुकं एका वेगळ्या केंद्रकात बंद असतात. जिवाणूत केंद्रक नसतं, जनुकांचा धागा आत तसाच गुंडाळलेला असतो. बहुतेकांना बाहेरून एक कडक भिंत असते. ही भिंत लक्षात ठेवा, पुढे औषधांच्या गोष्टीत ती लागणार आहे. आकाराने कोणी मण्यासारखा गोल, कोणी दांडीसारखा, पटकीचा (कॉलऱ्याचा) स्वल्पविरामासारखा वाकडा, तर लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या पावसाळी आजाराचा, स्प्रिंगसारखा पिळाचा.

आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा साधारण २ मायक्रोमीटर लांब असतो. एका मिलिमीटरमध्ये १००० मायक्रोमीटर. म्हणजे पट्टीवरच्या दोन बारीक रेघांच्या मधल्या जागेत असे ५०० जिवाणू एकापुढे एक बसतील. सगळं मनासारखं मिळालं, ऊब, ओल आणि अन्न, तर तो २० मिनिटांत एकाचे दोन होतो. गणित मांडून बघा. तासाला तीनदा दुप्पट, सात तासांत एकवीसदा. एकापासून सुरुवात केली तरी सात तासांनी आकडा २० लाखांच्या वर जातो. दुपारच्या उरलेल्या भाजीला रात्री वास का येतो, याचं उत्तर या गणितात आहे. फ्रिज जिवाणूंना मारत नाही, फक्त मंद करतो. बाहेर काढलेलं भांडं तासन्‌तास ओट्यावर राहिलं तर ते पुन्हा कामाला लागतात.

विषाणू हा वेगळाच प्रकार. त्याला पेशीच नाही. प्रथिनांच्या आवरणात गुंडाळलेली थोडीशी जनुकं, बस. दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याशिवाय त्याला आपली एक प्रतही काढता येत नाही. सर्दी, फ्लू, गोवर, डेंगी, कोविड हे विषाणूंचे आजार. क्षय, विषमज्वर म्हणजे टायफॉइड, पटकी म्हणजे कॉलरा, धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला आणि कुष्ठरोग हे जिवाणूंचे. मलेरिया दोन्हींतला नाही, तो तिसऱ्याच एका परजीवीमुळे होतो. बोलताना आपण या सगळ्यांना सरसकट ‘जंतू’ म्हणतो. बोलायला हरकत नाही, पण औषध देताना हा फरक सोडून चालत नाही.

जिवाणू माणसाने प्रथम पाहिले ते हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावात. अँटनी व्हान लेव्हेनहुक हा कापडाचा व्यापारी. हाताने घासलेल्या बारीक भिंगातून तो पाणी बघायचा, मिरी भिजवलेलं पाणी बघायचा. १६७६ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं की पाण्यात असंख्य इवले जीव हलताना दिसतात. १६८३ मध्ये दातांवरचं किटण भिंगाखाली धरून त्यातले जीवही त्याने वर्णन केले. या जिवांमुळे माणूस आजारी पडतो, हे सिद्ध व्हायला मात्र आणखी दोनशे वर्षं जावी लागली.

आपल्या आतली वस्ती

माणसाच्या अंगात एकूण किती जिवाणू असतात, याचा नीट हिशेब शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये मांडला. सरासरी पुरुषाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू, आणि त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. या जिवाणूंचं सगळ्यांचं मिळून वजन भरतं पाव किलोच्या आत. बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात असतात.

तिथे ते करतात काय? भाकरीतला कोंडा, पालेभाजीतला चोथा, डाळींची सालं, यांतलं बरंचसं आपल्याला पचत नाही. ते मोठ्या आतड्यात पोचतं आणि जिवाणू त्यावर जगतात. त्यातून जी आम्लं तयार होतात त्यांतली काही आतड्याच्या अस्तराचं अन्न होतात. रक्त गोठायला लागणाऱ्या के जीवनसत्त्वाचा काही भागही हे जिवाणू बनवतात. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या आतड्यात ही वस्ती अजून बसलेली नसते, आईच्या दुधात हे जीवनसत्त्व कमी असतं, म्हणून जन्मल्याबरोबर बाळाला के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात. आजीला ते इंजेक्शन बघवत नाही, ‘एवढ्याशा जिवाला कशाला टोचता’ म्हणते. तिला हे कारण सांगून बघा.

या वस्तीचा आणखी एक उपयोग म्हणजे जागा अडवून ठेवणं. एसटीत सगळी आसनं भरलेली असली की नव्याला बसायला मिळत नाही, तसं बाहेरून आलेल्या रोगजंतूला इथे सहज ठाव मिळत नाही.

पण वस्ती हवी तिथे हवी. तोंडातले काही जिवाणू दातांच्या फटीत अडकलेल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात. दही लावणारं आम्ल तेच. भांड्यात तयार झालं तर आपण आवडीने खातो, दातावर तयार झालं तर दात किडतो. जिवाणू भला की बुरा, हा प्रश्न मुळात अपुरा आहे. तो कुठे आहे आणि तिथे काय तयार करतो, असं विचारायला हवं.

ई. कोलायचंच घ्या. आतड्यात त्याच्या बहुतेक जाती निरुपद्रवी. तोच जिवाणू मूत्रमार्गात पोचला की जळजळ, वारंवार लघवीला लागणं, थंडी वाजून ताप. लघवीच्या जंतुसंसर्गाचं सगळ्यात नेहमीचं कारण तोच आहे. बायकांचा मूत्रमार्ग आखूड आणि गुदद्वाराच्या जवळ असल्याने त्यांना हा त्रास जास्त होतो. यात शरीररचनेएवढाच दोष आपल्या सोयींचाही आहे. शाळेचं स्वच्छतागृह घाण म्हणून मुली दिवसभर लघवी दाबून ठेवतात. शेतावर, बाजारात, बसस्टँडवर आडोसा नाही म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. पाणी भरपूर प्यायलं आणि वेळेवर लघवी केली तर मार्गात शिरलेले जिवाणू वाहून जातात. ही इतकी साधी राखण आपण अर्ध्या समाजाला करू देत नाही, याची मला मनापासून चीड येते.

विष करणारे

काही जिवाणू संख्येपेक्षा त्यांच्या विषामुळे घातक ठरतात. धनुर्वाताचा जिवाणू मातीत आणि शेणात असतो. परिस्थिती प्रतिकूल झाली की तो स्वतःभोवती टणक कवच करून बीजाणू बनतो आणि वर्षानुवर्षं तसा पडून राहतो. हवा नसलेल्या खोल जखमेत तो जागा होतो. तो जखमेपाशीच असतो, पण त्याचं विष मज्जातंतूंतून वर चढतं आणि स्नायूंना ‘सैल हो’ सांगणारा निरोप बंद पाडतं. जबडा बसतो, पाठ धनुष्यासारखी वाकते. आजाराचं मराठी नाव त्यातूनच आलं. लोखंडाच्या गंजाने धनुर्वात होतो ही समजूत बरोबर नाही. गंजका खिळा मातीत पडलेला असतो आणि तो खोल घुसतो, धोका त्यात आहे. बाभळीचा काटा किंवा कोयत्याचा घावही तितकाच धोक्याचा.

पूर्वी बाळाची नाळ विळ्याने कापायचे आणि बेंबीला राख किंवा शेण लावायचे, त्यातून कित्येक बाळं आठवड्याभरात जायची. गरोदर बाईला लस आणि स्वच्छ बाळंतपण या दोन गोष्टींनी हे थांबलं. २०१५ मध्ये भारतातून बाळंतिणीचा आणि नवजात बाळाचा धनुर्वात एक सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून हटल्याचं जाहीर झालं. घरात जुनी माणसं असतील तर त्यांना या आजाराबद्दल विचारा. त्यांच्या चेहऱ्यावरून कळेल की काय गेलं आहे.

पटकीचा जिवाणू पाण्यातून पोटात जातो. आतड्याचं अस्तर तो कुरतडत नाही, रक्तातही शिरत नाही. तो विष सोडतो, आणि त्या विषाने अस्तराच्या पेशी क्षार आणि पाणी बाहेर टाकत सुटतात. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, आणि काही तासांत माणूस सुकून जातो. हा जिवाणू विषामुळे मारतो हे कोलकात्याच्या डॉ. शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये प्रयोगाने दाखवलं. पण या विषाला एक गोष्ट बंद पाडता येत नाही. साखर आणि मीठ एकत्र आलं की आतडं दोन्ही शोषून घेतं आणि त्यांच्यामागून पाणीही आत येतं. जलसंजीवनी याच आधारावर उभी आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांतून साखर-मिठाचं पाणी द्यायला लावलं आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ अंदाजाने वाढवायचं नाही.

आणि आपला भात. भातात एक जिवाणू असतो, बॅसिलस सेरियस, ज्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात रात्रभर ओट्यावर राहिला तर ते रुजतात आणि विष करतात. त्यातलं उलट्या करवणारं विष उष्णतेने नष्ट होत नाही, म्हणून सकाळच्या कडकडीत फोडणीने ते जात नाही. फोडणीचा भात सोडा असं मी मुळीच म्हणणार नाही. रात्री उरलेला भात ताटात पसरून लवकर गार करा आणि झाकून फ्रिजमध्ये ठेवा, मग सकाळी बिनघोर फोडणी घाला.

पावसाळ्यात आणखी एक सांगायला हवं. लेप्टोचा जिवाणू उंदरांच्या, गुरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात आणि चिखलात येतो आणि पायावरच्या ओरखड्यातून अंगात शिरतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने हा आजार मोठ्या प्रमाणावर पाहिला. कोकणात भातलावणीच्या दिवसांत तो शेतकऱ्यांना होतो. साचलेल्या पाण्यातून चालत आला असाल, त्यातही पायाला जखम असेल, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. आधीच द्यायच्या गोळीने हा आजार टाळता येतो. नंतर ताप, पोटऱ्यांचं जबर दुखणं, लाल डोळे दिसले तर पुराच्या पाण्यातून आल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

मांडवीपासून परळपर्यंत

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. त्याचा जिवाणू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये सापडला होता, पण तो माणसापर्यंत कसा पोचतो हे कोणाला ठाऊक नव्हतं. लोकांना घराबाहेर काढलं, सामान जाळलं, घरं धुतली. उंदरावरच्या पिसवा हे त्यामागचं कारण १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत शोधलं. त्या मधल्या काळात किती माणसं केवळ अज्ञानापायी गेली असतील. सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करत होत्या. आजारी पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचवताना त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

त्याच वर्षी जानेवारीत मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा प्रयोगशाळेत वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली होती. उष्णतेने मारलेले प्लेगचे जिवाणू, हीच ती लस. मेलेला जिवाणू आजार करू शकत नाही, पण शरीराला त्याची ओळख पटते आणि खरा आला की शरीर तयार असतं. परळची हाफकिन संस्था त्या कामातून उभी राहिली.

क्षय

ज्या आजाराबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे तो हा. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जिवाणू सापडल्याचं जाहीर केलं. आज जगातल्या क्षयरोग्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा एकट्या भारतात आहे.

हा जिवाणू ई. कोलायच्या अगदी उलट स्वभावाचा. २० मिनिटांऐवजी त्याला एकाचे दोन व्हायला १५ ते २० तास लागतात. त्याची भिंत मेणचट असते. फुप्फुसाचा क्षय झालेला माणूस खोकला, शिंकला, मोठ्याने बोलला की तो हवेत येतो. बंद, कोंदट, उन्हाचा कवडसा न येणाऱ्या खोलीत तो बराच वेळ तरंगत राहतो. ताटवाटीतून, कपड्यांतून, हात मिळवल्याने क्षय होत नाही. तरी आजही घरातल्या क्षयरोग्याचं ताट वेगळं ठेवतात आणि खिडकी मात्र बंद ठेवतात. करायचं याच्या नेमकं उलट.

श्वासातून आत गेलेल्या जिवाणूला आपल्या संरक्षक पेशी गिळतात. पण तो त्यांच्या पोटात मरत नाही, तिथेच टिकून राहतो. मग शरीर त्याच्याभोवती पेशींचा कोट उभारतं आणि त्याला कोंडून ठेवतं. जगातल्या साधारण एक चतुर्थांश माणसांच्या अंगात असा कोंडलेला क्षय असल्याचा अंदाज आहे. त्यांना काही होत नसतं, त्यांच्यापासून दुसऱ्याला लागणही होत नाही. अशा शंभरातल्या पाच ते दहा जणांना आयुष्यात केव्हातरी खरा आजार होतो. कोट ढासळायला कारण लागतं: कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही, तंबाखू, दारू. मधुमेह आपल्याकडे घराघरात आहे, त्यामुळे ‘क्षय गरिबाला होतो’ म्हणून कोणी निर्धास्त राहू नये. नखं आणि केस सोडले तर तो कुठेही होऊ शकतो, मणक्यात, गाठींत, गर्भाशयात, मेंदूच्या आवरणात. जन्मल्यावर दंडावर टोचतात ती बीसीजी लस लहान मुलांना मेंदूच्या क्षयासारख्या भयंकर प्रकारांपासून वाचवते. मोठ्या माणसाच्या फुप्फुसाचं रक्षण करायला ती तितकी पुरत नाही.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरणं. यांतलं काही असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते, औषधंही मोफत. उपचार चालू असताना निक्षय पोषण योजनेतून दरमहा १००० रुपये खात्यावर येतात, कारण भरल्या पोटाशिवाय औषधाला साथ मिळत नाही.

सहा महिने गोळ्या का? हा प्रश्न प्रत्येक रुग्ण विचारतो आणि त्याला नीट उत्तर क्वचित मिळतं. पहिल्या दोन महिन्यांत चार औषधं एकत्र दिली जातात. त्यांनी झपाट्याने वाढणारे जिवाणू मरतात, ताप जातो, भूक लागते, वजन चढतं. माणसाला वाटतं बरं झालं. पण काही जिवाणू झोपल्यासारखे पडून असतात. औषध वाढत्या जिवाणूवर चालतं, झोपलेल्यावर फारसं नाही. ते एकेक करून जागे होतात तेव्हा औषध रक्तात हजर असायला हवं. म्हणून उरलेले चार महिने. चारही औषधं एकत्र देण्याचंही कारण आहे. लाखो जिवाणूंत एखादा जन्मतःच एका औषधाला दाद न देणारा निघतो, त्याला दुसरं औषध गाठतं. गोळ्या मध्येच सोडल्या तर नेमके असे चिवट जिवाणू उरतात आणि मग साध्या औषधांना न जुमानणारा क्षय होतो. त्याचे उपचार जड, जास्त त्रासाचे. तोच चिवट क्षय घरातल्या दुसऱ्यालाही होऊ शकतो.

एक छोटी गोष्ट, जी सांगितली जात नाही म्हणून लोक घाबरून गोळ्या सोडतात: रिफाम्पिसिन या क्षयावरच्या औषधाने लघवीला लालसर केशरी रंग येतो. ते रक्त नव्हे, औषधाचा रंग आहे. याउलट डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, नजर अंधुक झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.

एका ओळखीच्या घरी सुनेचा क्षय लपवून ठेवला होता. शेजारी कळेल म्हणून ती गोळ्या तांदळाच्या डब्यात ठेवायची आणि घरात कोणी नसेल तेव्हाच घ्यायची. कधी घर रिकामंच व्हायचं नाही. तिची चूक काय होती? उपचार नीट चालू झाले की बहुतेक रुग्णांपासून काही आठवड्यांत लागण होणं थांबतं. मुलीचं लग्न मोडण्याइतकी भीती बाळगण्यासारखं यात काही नाही. कुष्ठरोगाचंही तेच. तोही जिवाणूचाच आजार, सहजी पसरत नाही, बहुतेकांना त्याची नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते, आणि बहुविध औषधांनी तो पूर्ण बरा होतो. वरोऱ्याचं आनंदवन पाहिलेल्या माणसाला समाजाने या रोग्यांना किती छळलं ते वेगळं सांगावं लागत नाही.

मृद्गंध आणि अँटिबायोटिक

वळवाचा पहिला पाऊस पडला की मातीचा जो वास येतो, तो बऱ्याच अंशी जिवाणूंचा असतो. मातीतले स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, आणि पावसाच्या थेंबांबरोबर ते हवेत उडतं. याच घराण्यातल्या एका जिवाणूपासून १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन मिळालं, क्षयावर चाललेलं पहिलं अँटिबायोटिक. मला ही गोष्ट फार आवडते. वर्गात सांगताना दरवर्षी नव्याने आनंद व्हायचा.

पेनिसिलिन त्याआधीचं, १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एका बुरशीत दिसलेलं. आपल्याकडे पेनिसिलिन बनवण्यासाठी १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना निघाला. पेनिसिलिन जिवाणूची भिंत बांधू देत नाही. मघाची भिंत ती हीच. आपल्या पेशींना तशी भिंतच नाही, म्हणून आपल्याला इजा न होता जिवाणू फुटतो. दुसरी काही अँटिबायोटिक्स जिवाणूचा प्रथिनं बनवणारा कारखाना बंद पाडतात. विषाणूला ना भिंत, ना स्वतःचा कारखाना. सर्दीवर, फ्लूवर, डेंगीवर अँटिबायोटिक घेऊन त्यामुळेच काही मिळत नाही. तीन दिवसांनी बरं वाटतं, पण ते गोळी न घेताही वाटलं असतं.

काही मिळत नाही तर घ्यायला काय हरकत, असं लोक म्हणतात. हरकत अशी की गोळी आतड्यातल्या सगळ्या वस्तीवर पडते. जुलाब लागतात, कधी जागा रिकामी झाल्याने एखादा उपद्रवी जिवाणू तिथे माजतो. आणि जे जिवाणू त्या औषधाला पुरून उरतात त्यांना रान मोकळं मिळतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या कापूस उत्पादकाला हे समजावावं लागत नाही. बीटी कपाशी आली तेव्हा बोंडअळी मरत होती. काही वर्षांनी गुलाबी बोंडअळी बीटीला दाद देईनाशी झाली, कारण दरवर्षी वाचलेल्या अळ्यांचीच पुढची पिढी आली. जिवाणूंची पिढी २० मिनिटांची. शिवाय ते प्रतिकाराचं जनुक शेजारच्या जिवाणूला, तो वेगळ्या जातीचा असला तरी, देऊ शकतात. आतड्यातल्या साध्या ई. कोलायने मिळवलेला प्रतिकार उद्या एखाद्या रोगजंतूकडे जाऊ शकतो. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२.७ लाख माणसं थेट दगावली, असा अंदाज आहे.

फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेलच्या भाषणातच हा धोका सांगून ठेवला होता, की अपुऱ्या डोसाने जिवाणू मरणार नाहीत, उलट सरावतील. दुकानात जाऊन ‘अझिथ्रोच्या’, म्हणजे अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकच्या, ‘दोन गोळ्या द्या’ म्हणणारी माणसं मी रांगेत उभी असताना कितीदा पाहिली आहेत. देणारे देतातही. गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नसतं. मागच्या आजारपणातल्या उरलेल्या गोळ्या, शेजारणीने दिलेल्या गोळ्या, मुलाला अर्धी करून दिलेली मोठ्याची गोळी, या तिन्ही गोष्टी बंद करा. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं तर किती दिवस ते विचारा आणि तेवढे दिवस घ्या. दिलं नाही तर मागू नका. तापाला लगेच ‘स्ट्राँग’ गोळी न देणारा डॉक्टर कच्चा असतो असं नाही, बऱ्याचदा तोच नीट विचार करणारा असतो.

कोणता जिवाणू आहे आणि त्याला कोणतं औषध लागू पडेल, हे कल्चर तपासणीने कळतं. लघवी, थुंकी किंवा रक्त प्रयोगशाळेत नेऊन जिवाणूला काचेच्या तबकडीत पोसतात आणि वेगवेगळ्या औषधांच्या चकत्या त्याच्याजवळ ठेवतात. ज्या चकतीभोवती वाढ होत नाही ते औषध उपयोगी असण्याची शक्यता जास्त. अहवालाला दोन-तीन दिवस लागतात, कारण जिवाणू वाढायला तेवढा वेळ हवा. क्षयाच्या कल्चरला तर काही आठवडे. नमुना मात्र शक्यतो पहिली गोळी घेण्याआधी द्यायचा. गोळी पोटात गेल्यावर तबकडीत काही उगवेलच असं नाही.